रेडिओला दिलेलं उत्तर

सन १९७४, उन्हाळा, रविवारची संध्याकाळ. तारीख लिहून ठेवायची राहिली. जागा आमच्या ग्रामपंचायतीपुढचं पटांगण. हजर : ओट्यावर सरपंच आणि वरच्या आळीतले पुरुष, खाली बौद्धवाड्यातले आम्ही, म्हणजे वडील, शेजारची मावशी, वस्तीतल्या बाया, मी आणि आई. खिडकीत पंचायतीचा रेडिओ.

तेव्हा आमचा परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. थोड्या दिवसांपूर्वी परभणी केंद्रातली रेडिओची माणसं जीप घेऊन गावात येऊन गेली होती. गावोगावच्या पाण्याच्या अडचणींवर लोकांना बोलतं करायचं, असा त्यांचा कार्यक्रम. बोलणं सरपंचांच्या बैठकीत टेप केलं. आमच्या वस्तीतून आईला बोलावलं, कारण ती कुणासमोर बोलायला भीत नसे. मी जुन्या जालन्यात खोली करून मास्तरकीचं शिकत होते. ते ऐकायला म्हणून मुद्दाम घरी आले.

"तू काय सांगितलं गं त्यांना?" मी आल्याआल्या विचारलं.

"ऐकशील की सांजच्याला. आधी भाकर खा."

आमची अडचण अंतराची नव्हती. विहीर जवळ होती. पण आमच्या बायांनी तिथं दोर लावायचा नाही. वरच्या आळीतलं कुणी येईल, शेंदून वरून आमच्या घागरीत ओतेल, तोवर उन्हात बसायचं. सरपंचांच्याच बैठकीत, सरपंच समोर असताना, आई हे बोलली का, एवढंच मला ऐकायचं होतं.

बाजारभाव झाले, एक गाणं झालं. मग खरखरीतून आमच्या गावाचं नाव आलं. मावशी ओरडली, "चूप बसा गं! माझ्या बहिणीची बारी आली!" आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, जशी काही ती तिकडून दिसत होती.

"बाई, तुमच्याकडे पाण्याची काय अडचण आहे?" रेडिओतल्या साहेबांनी विचारलं.

आणि पटांगणातल्या सगळ्या बायांनी उत्तर दिलं. साहेबमाणसानं एवढं अदबीनं विचारल्यावर गप्प कसं बसायचं? तो खोक्यात आहे, हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

"अडचण? येऊन बघ की बाबा!"

"सकाळपासून घागर रिकामी हाय, साहेब!"

"अगं, त्यो तिला इचारून राह्यला, तुला न्हाई!" मावशी सगळ्यांच्या वर ओरडली, त्यामुळं उरलंसुरलंही बुडालं.

त्या गलक्यात रेडिओतून आईचा आवाज आला. "हीर..." एवढाच शब्द मला ऐकू आला. तेवढ्यात आई स्वतःच उठून उभी राहिली. प्रश्न तिला होता, उत्तर तिनंच द्यायला हवं होतं.

"हीर जवळच हाय, साहेब," रेडिओकडं बघत ती म्हणाली. "दोर आमच्या हाती देत न्हाईत. आमच्या हातानं शेंदू द्या, मंग अडचण न्हाई."

रेडिओत तोवर दुसऱ्या गावचा माणूस बोलायला लागला होता. ओट्यावर कुणी हललं नाही.

"झालं का बाई?" सरपंच शेवटी म्हणाले.

"झालं, पाटील. तुमचा रेडिओ चांगला हाय," आई म्हणाली आणि पदर सावरून खाली बसली.

घरी जाताना मावशी शपथेवर सांगत होती, रेडिओतही ती अगदी हेच बोलली. वडील म्हणाले, "बिलकुल न्हाई. हीर आटली, एवढंच आलं." मी आईकडं पाहिलं.

"बोलले असंन काही," ती म्हणाली. "आता ऐकलं न्हाई का तुम्ही?"

पुढं वस्तीत हातपंप आला. आई गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. तिचं माझ्याकडं जे आहे ते नीट ठेवलंय : एक फोटो, दोन लुगडी, विळा. आवाज नाही. कधी स्वयंपाकघरात एकटी असताना मी "हीर" म्हणून बघते. तो माझाच आवाज असतो, शिकलेला. तिचा दरवेळी जरा लांब गेलेला.

रोजची कामं मी सकाळी लिहून काढते आणि रात्रीपर्यंत उरकते. काम मागं ठेवायची मला सवय नाही. फक्त एक ओळ दर महिन्याला नव्या पानावर जाते : परभणीला जाऊन जुन्या टेपा ठेवल्या आहेत का, विचारणे. गाडी सकाळची आहे, संध्याकाळी परत येता येतं. पण तिथल्या माणसानं "पुसल्या" म्हटलं, तर ती ओळही खोडावी लागेल.

या महिन्यात बाकी सगळं झालं. परभणी राहिलं.