नळीवरचा डाग

सकाळपासून काकांचा पाय एका जागी ठरत नव्हता. बंदुकांना मुलामा देण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती, आणि आज पहिल्यांदाच एक बंदूक परत आली होती. आता एवढ्याने काही आभाळ कोसळत नाही. पण हे काकांना कोण सांगणार?

बंदूक एका पहारेकऱ्याची होती. तो उन्हापावसात फाटकावर उभा राहणारा, म्हणून काकांनी चकचकीत काळा मुलामा सोडून भट्टीत भाजायचा जाड लेप निवडला होता. "तुम्ही थकाल, हा लेप नाही थकणार," अशी फुशारकीही मारली होती. महिन्याभरात नळीवर पोपडा सुटला.

लेपाआधी नळीवरचं तेल पार धुऊन काढतात. त्यानंतर तिला उघडा हात लावायचा नाही. बोटाचा घाम लागला की वरून लेप कितीही सुबक दिसो, आतून गंज धरतोच. हाताखाली शिकणाऱ्या मुलीकडून काकांनी हे इतकं घोकून घेतलं होतं, की ही घरात कपबशीसुद्धा फडक्याने धरेल, असं तिची आई म्हणायची. पुढच्या महिन्यापासून कारखाना तिच्याच हाती द्यायचा होता.

"हातमोजे घातले होतेस?"

"घातले होते, काका."

"मग हे काय भुताने केलं? कारखाना कसला देतोय तुला! उद्यापासून येऊच नकोस."

एरवी शब्दाला शब्द देणारी मुलगी खाली बघत म्हणाली, "चुकलं माझं. द्या, आत्ता घासून काढते."

हे ऐकून काका आणखीनच बेचैन झाले. ही पोरगी इतक्या मुकाट्याने चूक कबूल करते म्हणजे काय? नळी घेऊन ते खिडकीशी गेले. चष्मा पुसला, पोपडा नखाने उचलला. खाली गंजाचा ठसा होता, अंगठ्याचा, रेघ न् रेघ उठलेला. मधून मात्र एक तिरकी कोरी पट्टी गेली होती. काकांनी स्वतःचा उजवा अंगठा शेजारी धरला. पत्र्याने कापल्याचा जुना व्रण तसाच तिरका होता.

"तुला माहीत होतं?"

"हल्ली तुम्ही हातमोजे विसरता, काका. चार नळ्या मी गुपचूप पुन्हा धुतल्या. ही तेवढी नजरेतून सुटली."

काकांना आधी संताप आला, मग भडभडून आलं. नळी त्यांनी टेबलावर ठेवली आणि ते दोन पावलं मागे सरले.

"धू तू," ते म्हणाले, "मी हात लावत नाही."