बिनआवाजाची बस

निवृत्तीनंतर माझी बारामतीतल्या एका वाहतूक समितीवर नागरिक म्हणून वर्णी लागली. चाळीसेक वर्षं मुलांना भूगोल शिकवलेल्या बाईला बसमधलं काय कळतं, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आम्ही डिझेलच्या गाड्या जाऊन विजेच्या बस याव्यात म्हणून भांडलो. मोडीत निघालेल्या बसचे सांगाडे भंगारात न घालता त्यांचेच थांबे करायचे, ही कल्पना तर मला फारच आवडली होती. बाकं त्याच बसची, छपरंही त्याच बसची. असला एक थांबा इंदापूर तालुक्यात, आमच्या कळंबच्या फाट्यावर उभा राहिला तेव्हा मी उगाचच मिरवले.

आबा, म्हणजे माझे वडील, कळंबला माझ्या भावाकडे राहतात. त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. शेत सुटलं, सायकल सुटली. दर गुरुवारी एकट्यानं बारामतीच्या बाजाराला येणं तेवढं उरलं होतं. पिशवीत मेथी किंवा शेवगा घेऊन यायचे, माझ्याकडे जेवायचे आणि परत जायचे. नव्या बस सुरू झाल्या आणि त्यांचं येणं थांबलं. फोनवर म्हणायचे, गुडघा धरलाय.

त्याच सुमारास बैठकीत विषय निघाला की कळंब फाट्यावर कुणी चढत नाही, तर तो थांबा काढावा. चार्जिंग वाचेल, फेरी लवकर होईल. मला ते पटलंही. घरी येऊन भावाला सहज फोन केला, तर तो म्हणाला, आबा तर दर गुरुवारी पिशवी घेऊन तुझ्याकडेच येतात. मी चक्रावले. माझ्याकडे येत नाहीत, घरी बसत नाहीत, मग माणूस जातो कुठं? भलतेसलते विचार मनात येऊन गेले.

पुढच्या गुरुवारी मी भाच्याच्या गाडीवरून थेट फाट्यावर गेले. आबा थांब्यात, जुन्या बसच्या सीटवर, डोळे मिटून बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत जात होते. मग बस आली. आबा हलले नाहीत. हात दाखवल्याशिवाय इकडे ड्रायव्हर गाडी थांबवत नाही. तो तसाच पुढं निघून गेला. आणि मला एकदम उमगलं. आबा आयुष्यभर कानानं बस धरत आले होते. लांबून इंजिन घरघरलं की उठायचं आणि हात करायचा.

मी बोलल्यावर ते दचकले. मग हळूच म्हणाले, "गुडघ्याला काय झालं न्हाय. कान गेलं माजं. ट्रॅक्टर ऐकू येतोय, पर बस न्हाय. घरात सांगितलं आसतं तर मला भाईर सोडलं नसतं कुनी."

त्या बसला आवाजच नसतो, असं मी सांगितलं. त्यांना खरं वाटेना. गाडी हाय आन् आवाज न्हाय, हे कसलं? मग मात्र चेहरा उजळला, कान शाबूत आहेत म्हणून. मीही हसले. लगेच त्यांनी विचारलं, "मग पोरी, ती आली हे मला कळायचं कसं?"

मी पुन्हा बैठकीत गेले. थांबा मी काढू दिला नाही, पण ड्रायव्हरनं तिथं हॉर्न द्यावा म्हणाले तर सगळ्यांनी मला माझेच शब्द ऐकवले. गोंगाट नको म्हणूनच तर या बस आणल्या, आणि तसं सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणाले होते. धूर नको, गोंगाट नको, हे आजही मला पटतं. आबांचंही पटतं. दोन्हींचा मेळ कसा घालायचा, ते काही केल्या सुचत नाही.

आबांना मात्र उपाय सापडला होता. गेल्या गुरुवारी मी बसनं कळंबच्या पुढं, शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि परतीला पुढच्या सीटवर बसले. फाटा अजून बराच लांब होता. आबा थांब्याबाहेर उन्हात उभे होते, हात वर करून. आमच्या पुढं रस्त्यावर एकही गाडी नव्हती. ट्रॅक्टरवाले थांबून विचारतात, असं भावानं सांगितलं होतं. आबा त्यांना नको म्हणतात, पण बस येऊन थांबेपर्यंत हात खाली घेत नाहीत.