चाचींची उपाशी गोधडी

जालना कुणी धड बघितलं असेल तर ते आमच्या मंठ्याच्या चाचींनी. आम्ही इथले लोक नुसते घरपट्टी भरतो. वडील मंठ्यात मास्तर असताना शेजारी शिंप्याचं घर होतं. ते आमचे चाचा, आणि त्यांच्या दुकानातल्या चिंध्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या त्या चाची.

जालन्यात दरवर्षी हस्तकलेचं प्रदर्शन भरतं. चाची आमच्याकडे उतरायच्या, गाळ्यात गोधड्या मांडायच्या आणि तासाभरात मला म्हणायच्या, "बेटा, तू बस जरा. मी येते जल्दी." ही जल्दी संध्याकाळी संपायची. तोवर गोधड्यांच्या ढिगात मी. "टाका मोठा पडतोय हो तुमचा," असं एक बाई मला चष्म्यावरून सुनावून गेल्या. पुढच्या खेपेला बारीक घालतो, असं सांगून मी मोकळा झालो. चाची मात्र मोती तलावाच्या काठी वारा कुठून येतो ते बघत बसलेल्या, नाहीतर मोसंबीच्या आडतीत सालीचा वास घेत हिंडणाऱ्या. कुंडलिकेच्या पुलावर उभ्या राहून त्या नदीलाही दम भरायच्या, "पानी कमी हाय गं यंदा!" फुलबाजारात एक फूल न घेता सगळ्यांशी घरोबा करून यायच्या.

या भटकंतीला कारण असायचं. गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करताना आत भाकरीचा घास ठेवायचा, ही त्यांच्या सासूची रीत. उपाशी गोधडी ऊब देत नाही म्हणे. चाचींनी त्यात स्वतःची भर घातली होती. दरवर्षी एका खास गोधडीचा कोपरा त्या उघडाच आणत. ती ज्या घरी जाईल, तिथलाच घास त्यात घालायचा; म्हणून आधी गाव पारखायचं, मग घर.

गेल्या वर्षीच्या खास गोधडीत चाचांचे सदरे होते. चाचा जाऊन वर्ष झालं होतं. चाचींनी शहर आणखीच बारकाईनं तपासायला घेतलं. मी हटकलं तर म्हणाल्या, "माणूस देऊन राह्यले बेटा. गाव बघू न्हाई का?" पुण्याच्या एका बाईंना ती गोधडी फार आवडली. दिवाणखान्यात भिंतीवर लावणार होत्या. "भितीला काय थंडी वाजून राह्यली का?" चाचींनी विचारलं, आणि गिऱ्हाईक गेलं. मग एक डॉक्टरीणबाई पसंत पडल्या. त्यांच्या घरी चाची चहाला गेल्या आणि तोंड पाडून परत आल्या. "घर बराबर हाय. पर भाकरी व्हत न्हाई. बिरेड खातेत."

शेवटच्या दिवशी बाकी सगळ्या गोधड्या खपल्या, तेवढी एक राहिली. एरवी घर डोक्यावर घेणाऱ्या चाची घरी आल्यावर तिचा उघडा कोपरा चाचपत बसल्या होत्या. माझी बायको भाकऱ्या थापत होती. चाची एकदम उठल्या. "दुल्हन, चतकोर दे गं." बायकोनं पिठलं वाढायला घेतलं, तर म्हणाल्या, "खायला न्हाई." चतकोराचा घास मोडून त्यांनी कोपऱ्यात सरकवला, टाके घातले, दातानं दोरा तोडला आणि गोधडी माझ्या पलंगावर पसरली. "साऱ्या गावात हिंडले बघ. घर घावलंच न्हाई दुसरं."

यंदा गुडघ्यांमुळे चाची आल्या नाहीत. मी एकटाच प्रदर्शनात जाऊन आलो, आणि येताना मोती तलावापाशी उगाच थांबलो. वारा पूर्वेकडून येत होता. तेवढ्यात त्यांचा फोन आला. नदीला पाणी किती, फुलबाजारात शेवंती आली का, सगळी चौकशी झाली. मग हळूच म्हणाल्या, "आन् बेटा, तेन्ला थंडी न्हाई ना वाजत?"

चाचांचं नाव त्यांनी कधीच घेतलं नव्हतं. त्या 'ते'च म्हणायच्या.

"नाही चाची," मी म्हणालो. "रोज पांघरतो."

"मंग बराबर," चाची म्हणाल्या.