आत्या आणि तिची मावशी

आमची आत्या मेंढरं राखायची, आणि कुणाला नावानं हाक मारायची नाही. जीभ टाळूला लावून ‘टर्र’ असा आवाज काढायची. मेंढ्या थांबायच्या, कुत्रं थांबायचं, तिचा नवराही थांबायचा. दोनदा टर्र केलं की तिची एक म्हातारी मेंढी पाय दुमडून खाली बसायची. एकदा मीही बसले. तेव्हा मी नुकतीच मास्तरीण झाले होते. कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून पदर झटकत लगेच उठले. मेंढी उठली नाही. आमच्या दोघींत जास्त शिकलेली तीच.

चिकलठाण्याकडं तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते. नव्या कुंपणांमधून वाट काढत आत्या मेंढरं हाकायची आणि वॉचमनशी भांडायची. “तुझा सायब गवत खातो व्हय रे? मंग कुंपण कशाला घातलंय?”

त्या म्हाताऱ्या मेंढीचं नाव होतं मावशी. कळपावर लांडगा पडून गेला की मेंढरं भेदरतात. खात नाहीत, बसत नाहीत. मग आत्या मावशीला मधोमध नेऊन बसवायची. मावशी डोळे अर्धवट मिटून रवंथ करायची, आणि तिला बघून एकेक मेंढरू टेकायचं. आत्यानं तिला कोकरू असल्यापासून हेच शिकवलं होतं.

नामांतराच्या दंगलीत खेड्यांतून घरं जाळली गेली, तेव्हा काही कुटुंबं आमच्या शाळेत आसऱ्याला आली. त्यांत गयाबाई होत्या. आल्यापासून त्या आडव्या झाल्या नव्हत्या. वर्गाच्या दारात भिंतीला पाठ लावून रात्रंदिवस रस्त्याकडं बघत बसायच्या. डॉक्टर म्हणाले, बाई झोपल्या नाहीत तर हाती लागणार नाहीत. त्यांचा मुलगा रडकुंडीला आलेला. मी गयाबाईंना धैर्यावर एक छोटं भाषण दिलं. उपयोग होईना म्हणून ते मोठं केलं. त्या माझ्या खांद्यावरून रस्ता बघत राहिल्या.

शेवटी मी आत्याला गाठलं. सगळं ऐकून ती म्हणाली, “उद्या मावशीला आणती. तू फकस्त बोलू नगं.”

दुसरं काहीही सांगायचं, पण न बोलण्याचं काम मला सांगायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या मेंढी घेऊन दारात आली, आणि मी पुढं होऊन जाहीर केलं, “गयाबाई, ही तुम्हाला धीर द्यायला आलीये.”

“मला काय झालंय?” गयाबाईंनी तोंड फिरवलं.

त्यांच्या मुलानं कपाळाला हात लावला. मी ओशाळून खाली वाकले, तेवढ्यात मावशीनं माझ्या वेणीतला गजरा खाल्ला.

आत्या गयाबाईंजवळ उकिडवी बसली. “ही पोरगी कायबी बोलती, माय. मेंढीच्या पायात काटा मोडलाय, मला दिसंना. जरा बघता का?”

काटा खरंच होता. बाभळीच्या रानात चरणाऱ्या मेंढीच्या पायात तो शोधावा लागत नाही. गयाबाईंनी खूर मांडीवर घेतला, बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि काटा उपसला. आत्यानं टर्र टर्र केलं. मावशी गयाबाईंना टेकून बसली आणि रवंथ करू लागली.

मी गजऱ्याचा उरलेला दोरा वेणीतून सोडवत बसले.

“हिनं लांडगं बघितलं का कधी?” गयाबाईंनी विचारलं.

“बघितलं की. हिचं कोकरू नेलं, हिच्या म्होरं.”

“मंग ही बसती कशी?”

“मी जागी असती म्हून.”

गयाबाईंनी आत्याकडं नीट बघितलं. “आज हायस जागी?”

“हाय की. मला कुठं जायचंय?”

जायचं तिला होतं. सगळा कळप नवऱ्यावर टाकून आली होती. पण ती रस्त्याकडं तोंड करून मांडी घालून बसली. गयाबाई मेंढीच्या लोकरीत हात खुपसून हळूच कलंडल्या. डोळे उघडेच. मधेच मान उचलून त्यांनी आत्याचं लक्ष कुठं आहे ते पाहिलं. रस्त्यावरच होतं. मग डोळे मिटले, ते दिवस कलेपर्यंत.

मी कुजबुजत आत्याला म्हटलं, “त्या दिवशी काय काय झालं, ते त्यांना विचारायला हवं ना?”

“इचारून काय करशील? लांडगा धरणार हायस?”

त्यानंतर आत्या रोज दुपारी यायची. मावशीच्या पायात काटा नसला तर कानात गोचीड सापडायची, ती काढायला माणसं पुढं व्हायची. मी तिथंच बसून, न बोलता, सगळ्यांच्या स्वयंपाकाचे मटार सोलायला शिकले.

वर्षभरात कुंपणं शाळेच्या मैदानाला भिडली. चरायला काही उरलं नाही, तेव्हा आत्या कळप घेऊन कायमची सिल्लोडकडं निघाली. गयाबाईंच्या मुलाला एव्हाना कारखान्यात काम लागलं होतं आणि शाळेमागंच त्यांनी खोली घेतली होती. गयाबाई म्हणाल्या, “फुलंब्रीच्या रस्त्यापतोर जाऊन येते.” मावशीच्या पाठीवर हात ठेवून त्या कळपाबरोबर चालू लागल्या. आत्यानं मला हाक मारली नाही. टर्र केलं. मी वळून बघितलं, तर ती हसत होती.

दिवे लागले तरी गयाबाईंचा पत्ता नव्हता. मी त्यांच्या खोलीपुढं येरझाऱ्या घालत होते. अंधारातून त्या एकट्याच आल्या, पाय धुळीनं भरलेले.

“एवढा उशीर? एकट्याच आलात? भीती नाही वाटली?”

“लई बोलती बाई तू,” म्हणत त्यांनी पाय धुतले आणि आत जाऊन पडल्या. थोड्याच वेळात घोरणं ऐकू यायला लागलं. दार त्यांनी उघडंच टाकलं होतं.