तळ्याकाठच्या खानावळीतलं ताट

भूतखेत, भानामती, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. आमच्या तळ्यावर जखीण आहे असं सगळं गाव सांगतं. मी चाळीस वर्षं पहाटे त्याच तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासळी निवडायला बसले. मला डास आणि जळवा सोडून कुणी भेटलं नाही. शाळा चौथीपर्यंत. जे पाहिलं तेवढंच लिहिते.

आमचं गाव सिंदेवाहीकडचं, जंगलाला लागून. आम्ही ढिवर. तळ्यातली मासळी आणि थोडं धान, यावर घर चालतं. दोन वर्षांमागच्या दिवाळीनंतर एका सकाळी आमचा बुढा, म्हणजे माझा नवरा, डोंगा घेऊन तळ्यात गेला, तो परत आला नाही. डोंगा कमळाच्या वेलांत अडकलेला सापडला. जाळं आत होतं, कोरडं. पोरांनी तीन दिवस गळ टाकून तळ खरवडला. चप्पलसुद्धा मिळाली नाही. कुणी म्हणालं वाघानं नेला. मग रक्त कुठं, ओढल्याची खूण कुठं? कुणी म्हणालं, वडशाला नाटक पाहायला बसलेला दिसला.

देह मिळाला नाही की आमच्याकडे पळसाच्या पानांचा माणूस करून जाळतात, मग तेरवी करतात. थोरला पोरगा धनराज पहिल्या महिन्यापासून मागे लागला होता. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि गावातली जाणती माणसं म्हणत होती, आधी बुढ्याचं उरका.

"माय, किती दिवस असं ठेवशीन? पोरीचं लगन अडलं."

"मढं दाखव. लाकडं मीच रचून देते."

"दोन वर्सं होत आले व!"

"वडशाले दिसला म्हणते ना लोकं."

"दारू पिऊन पाह्यलं त्यानं."

"तुह्या बापानंच पाजली असन."

असं रोज. मी कुंकू लावत होते, बांगड्या घालत होते. रडले नाही. रडायचं कशाला, मेलाय हे ठरलं कुठं होतं? फक्त जेवणाची चव गेली. भातात मीठ आहे की नाही हे सुनेला विचारावं लागायचं.

मुलगी शालू इटलीत असते. जावई नितीन तिथं ब्रेश्या गावात मशिनींच्या कंपनीत आहे. सप्टेंबरात तिनं मला नेलं. हवापालट म्हणाली. मी गेले, कारण धनराजचं तोंड काही दिवस पाहायचं नव्हतं.

आता तिथं राहायचं-खायचं कुठं ते सांगते, प्रवासाच्या या पानावर लोक तेही विचारतात. ब्रेश्याजवळ एक तळं आहे, शालू-नितीन मला तिथं घेऊन गेले, नाव इझेओ. भोवती डोंगर, खालच्या अंगाला द्राक्षांचे मळे. अगदी पाण्याला लागून जी हॉटेलं आहेत तिथं राहू नका. जिने फार, खोल्या लहान, दिवसभर बोटींचा आवाज. आम्ही मळ्यातल्या एका घरात राहिलो, तळ्यापासून गाडीनं दहा मिनिटं. मालकीण माझ्याच वयाची, विधवा, स्वतः मळ्यात राबणारी. पलंग चांगला. न्हाणीत पाणी घ्यायचा मग नसतो, घरून न्या. सकाळी गोड पाव देतात, अंडं मागितलं तर उकडून मिळतं. तिथली द्राक्षाची दारू फसफसते. तळघरात बाटल्या तोंड खाली करून ठेवतात आणि रोज थोड्या थोड्या फिरवतात. मालकिणीनं मला मोठ्या कौतुकानं पाजली. मोहाची पहिली धार प्यायलेल्या माणसाला ती सोड्यासारखी लागते. तसं तिला सांगितलं नाही.

तळ्यात एक बेट आहे. तिथं मासे दोरीवर टांगून उन्हात सुकवतात, मग तेलात घालून ठेवतात. वास ओळखीचा होता. मी त्या दोऱ्यांखाली बराच वेळ उभी राहिले. काही वाटलं नाही.

जेवायला मात्र क्लुझाने नावाच्या गावी जा. तळ्यातला तिंका नावाचा मासा लोणी, चीज आणि पावाचा चुरा घालून भट्टीत भाजतात, सोबत मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा. चवीला आपल्या रोहूच्या भाऊबंदातला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिथल्या एका छोट्या खानावळीत गेलो. सात टेबलं. आमचं खिडकीजवळ. पलीकडे एक म्हातारं जोडपं सूप पीत होतं, बाकी रिकामं. वाढणारी मुलगी म्हणाली, उशीर झालाय, तिंका आता एकच उरलाय. शालूनं लग्नानंतर मासळी सोडली. नितीननं कोंबडी मागवली. तो एकच तिंका मी घेतला.

ताट आलं. अख्खा मासा, डोक्यासकट, बाजूला घाट्याचा ढीग. तेवढ्यात नितीनचा फोन वाजला, तो बाहेर धक्क्यावर गेला. मी हातानं जेवते म्हणून हात धुवायला उठले. तिथले नळ पायानं दाबायचे असतात, मला जमत नाहीत, म्हणून शालूही सोबत आली. पाच मिनिटं लागली असतील.

परत आलो तर माझं ताट अर्धं खाल्लेलं होतं.

माशाची वरची बाजू संपलेली. मधला काटा अख्खा उचलून ताटाच्या कडेला सरळ ठेवलेला. खालची बाजू आणि डोकं तसंच. घाट्यावर चार बोटांच्या खुणा, हातानं कालवून घेतल्यासारख्या. काटा-चमचा मात्र रुमालात गुंडाळलेलाच, स्वच्छ.

शालूनं माझा दंड धरला.

"माय... हे तं बाबानं खाल्ल्यासारखं आहे."

होतंच. आमचा बुढा असाच खायचा. वरची बाजू त्याची, काटा अख्खा कडेला, खालची बाजू आणि डोकं माझ्यासाठी. त्याचं झालं की त्याच ताटात मी बसायची. लाड नव्हते ते, घासायला एक ताट कमी.

शालूनं त्या मुलीला बोलावलं. ती ताट पाहून लाल झाली, तिला वाटलं तक्रार आहे. म्हणाली, मी इथंच उभी होते, कुणी आलं नाही. म्हाताऱ्या जोडप्यानंही माना हलवल्या. तोवर नितीन आला.

"दुसऱ्या कुणाचं उष्टं ताट चुकून ठेवलं असेल."

"पण मासा एकच होता, तीच तर म्हणाली," शालू म्हणाली.

"मग मांजर असेल."

"मांजर काटा असा सरळ ठेवते काय हो?"

 शालूचे डोळे भरले होते. ती खिडकीतून धक्क्याकडे पाहत होती, जसा काही बुढा तिथं पाठमोरा बसलाय.

"बाबा आहेत माय. कुठी तरी आहेत. मी म्हनत होती न? आहेतच ते."

मी ताट पाहत होते. टेबलावर पांढरं कापड होतं. ताटाच्या डाव्या अंगाला मी नीट पाहिलं. ताट उचलून खालीही पाहिलं.

आमच्यात मासळी खाण्याआधी पहिला घास ताटाबाहेर, डावीकडे काढून ठेवतात. तळ्याचा घास. तळ्याचं खातो, तर तळ्याला आधी. बुढा हे कुठंही करायचा. लग्नाच्या मांडवात करायचा, चंद्रपूरच्या हॉटेलात करायचा, आणि टेबल खराब केलं म्हणून वेटरच्या शिव्या खायचा. तापात असतानाही त्यानं तो कधी चुकवला नाही.

इथं कापड कोरं होतं. एक कण नाही.

"शालू," मी म्हटलं, "घास नाई काढला."

ती पाहत राहिली. ढिवराची पोर आहे, तिला फोड करून सांगावं लागलं नाही. खुर्चीत बसली आणि तोंडाला पदर नाही म्हणून ओढणी लावली. तळ्याला आधी देतो तो जिवंत माणूस. ज्याला तळ्यानंच घेतलं, त्यानं तळ्याला काय द्यायचं?

मी बसले आणि उरलेलं खायला लागले.

"आई, उष्टं आहे ते! कुणाचं आहे माहीत नाही," नितीन म्हणाला.

"माझंच आहे."

खालची बाजू खाल्ली, डोकं चोखलं, घाटा संपवला. मीठ कमी होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला कळलं की मीठ कमी आहे.

गाडीत बसल्यावर धनराजला फोन लावायला सांगितला.

"पळसाची पानं पाहून ठेव. मी आली का करून टाकू."

"काऊन व माय? काय झालं? खबर लागली काय?"

"काई नाई लागली. कर म्हनते तं कर."

 तो रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, पण बापासाठी रडायला त्यालाही दोन वर्षं मीच दिलं नव्हतं.

"रडून घे," मी म्हटलं, "आन मंग पोरीची तारीख काढ."

दुसऱ्या दिवशी निघताना मी कुंकू पुसलं आणि बांगड्या काढून मळ्यातल्या खोलीत टेबलावर ठेवल्या. फोडल्या नाहीत, दुसऱ्याच्या घरात काचा कशाला. गाडी फाटकाशी आली तर मालकीण मागून धावत आली, हातात बांगड्या. मी विसरले असं तिला वाटलं.  मी खिडकीतून हात बाहेर काढून नुसता हलवला, नको म्हणून. तिनं माझ्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं, मग कुंकू नसलेल्या कपाळाकडे. कुंकू तिला काय कळणार. पण तिनं बांगड्या ॲप्रनच्या खिशात टाकल्या आणि फाटक उघडलं.

गावी आल्यावर पाळीवर पानांचा माणूस जाळला. लवकर जळतो तो. तेरवी झाली, नातीचं लग्न झालं.

नितीन शिकलेला माणूस, त्यानं सोडलं नाही. पुन्हा जाऊन त्या खानावळीतला कॅमेरा पाहून आला. कॅमेरा फक्त दारावर आहे. त्यात तो स्वतः बाहेर जाताना दिसतो आणि परत येताना दिसतो. मध्ये कुणी नाही. आत काय झालं ते त्यात नाही. शालू म्हणते, सगळ्या तळ्यांचं पाणी खालून एक असतं. हे ती इथं शिकली नाही आणि तिथंही नाही, तिचं तिनंच काढलं. मला ते पटत नाही.

मी पाहिलं ते लिहिलं. तुम्हाला काही सुचत असेल तर लिहा, पण जखीण वगैरे लिहू नका. माझं अडतं ते एवढ्यावरच... आमचा बुढा जन्मात नागपूरच्या पलीकडे गेला नव्हता. बल्लारशाला गाडी बदलायची म्हटली तरी दोनदा विचारायचा. तो तिथवर पोचला कसा?