भागुबाईचे मासे आणि भांडगावची गाय

न्हावऱ्याच्या भागुबाईला जगात फारसं काही पसंत पडत नसे. सुनेच्या हातचा चहा म्हणजे कोमट पाणी, शिरूरचा नवा डॉक्टर म्हणजे कालचं पोर, गावाच्या वेशीवरची नवी कमान म्हणजे रिकामटेकड्यांची हौस. माणसांबद्दल तर विचारूच नका. तिची जीभ सुटली की समोरचा माणूस उठून चप्पल शोधायला लागायचा. जन्मभरात तिला गोड बोलताना कुणी ऐकलं असेल तर ते गोठ्यात, आणि तेही गाईंशी.

पण गुडघ्यांनी दगा दिला. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करावं लागलं आणि डॉक्टरनं बजावलं, आजी, आता गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. तिचा लेक गोकुळ रांजणगावच्या एका कंपनीत कामाला होता. शेणाला हात लावायची वेळ आली की त्याला नेमकी शिफ्ट आठवायची. त्यानं डॉक्टरचा शब्द खाली पडू दिला नाही. आई पुण्याला दवाखान्यात होती तेवढ्यात त्यानं गोठा रिकामा केला. भागुबाई वॉकर टेकत घरी आली, तर दावणीला एकही गाय नाही.

बाकीच्या गाईंचं तिनं एकवेळ सोसलं असतं, पण हौशी! तिची आई व्यायल्यावर दगावली, तेव्हा भागुबाईनं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. हौशी तिच्या मागं पार चुलीपर्यंत यायची.

"हौशी कुठाय?" तिनं पहिला प्रश्न केला.

"अगं, चांगल्या घरी दिलीय तिला," गोकुळ म्हणाला. "माझ्याबरोबर कंपनीत जयसिंग हाय ना, भांडगावचा, त्याच्याकडं. त्याच्या गोठ्यात पंखे हायेत, पंखे!"

"मला घरात पंखा लावायला तुला दोन उन्हाळे लागले. आन् गाईला पंखा व्हय!"

त्या दिवसापासून तिनं एकच धोशा लावला. मला भांडगावला ने, एकदा हौशीला डोळ्यांनी बघू दे, मग माझं काही मागणं न्हाई. गोकुळ आज शिफ्ट सांगायचा, उद्या गाडी पंक्चर सांगायचा, परवा ऊन फार म्हणायचा. खरं सांगायचं तर हा गोकुळ लहानपणापासून असाच. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्याला बघवायचं नाही. म्हणून रडायची वेळ आली की त्याच्या तोंडून पटकन एक खोटं निघायचं आणि बाबा मोकळा व्हायचा. लोक त्याला मऊ मनाचा म्हणायचे. भागुबाई त्याला मेणचट म्हणायची.

मग कंपनीत कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, की घरात मासे ठेवले तर म्हाताऱ्या माणसांचं मन रमतं. झालं! रविवारी गोकुळनं शिरूरहून काचेची पेटी आणली. बैठकीच्या खोलीत, जिथं आधी दुधाचे कॅन ठेवायचे तिथंच, टेबलावर मांडली. तळाला गुलाबी-निळी खडी पसरली, त्यात प्लास्टिकची झाडं रोवली, वर लाइट बसवला, बुडबुडे सोडणारी मोटर लावली, पाणी गाळायचा स्पंज लावला आणि मधोमध एक छोटा पूल ठेवला. भागुबाई खुर्चीत बसून हे सगळं बघत होती.

"माशाला पूल कशाला रे? त्याला काय पल्याड बाजाराला जायचंय?"

"शोभेला असतो तो."

"शोभा! हिरवागार ऊस दारात सोडून प्लास्टिकचा पाला बघायचा. वा रे तुझी शोभा!"

दुकानदारानं सांगितलं होतं, आधी नुसतं पाणी भरून मोटर आठवडाभर चालू द्या, पाणी मुरू द्या, मग थोडेथोडे मासे सोडा. पण गोकुळला कुठला दम! त्यानं मासे त्याच दिवशी पिशवीतून बांधून आणले होते आणि संध्याकाळच्या आत सोडूनही टाकले. नशीब त्या माशांचं की ते तगले. नारिंगी, पांढरे, एक बटबटीत डोळ्यांचा काळा, असे सगळे त्या उजेडात इकडून तिकडं फिरायला लागले. सून शितल टाळ्या वाजवत म्हणाली, "आत्या, बघा ना किती गोड!"

"गोड? ना हंबरायचं, ना दूध द्यायचं, ना शेण टाकायचं. ह्याला जनावर म्हणत्यात व्हय?"

तेवढ्यावर थांबली असती तर ती भागुबाई कसली! गाई घालवल्यास आन् मला काचेतलं खेळणं आणलंस, मी काय तान्हं पोर हाय, असं म्हणता म्हणता तिचा आवाज कापायला लागला. तो कापरा आवाज ऐकला आणि गोकुळची नेहमीसारखी तारांबळ उडाली. तो बोलून गेला, "आई, असं कर. हे मासे तू सांभाळ. उठबस होईल, गुडघे मोकळे होतील. दसऱ्यापर्यंत मासे जगव, मी सोता तुला भांडगावला नेतो. हौशीची शप्पत!"

भागुबाईनं त्याच्याकडं रोखून बघितलं. "शितल, तू ऐकलंस ना हा काय म्हणाला ते?"

शितलनं मान हलवली. व्यवहार पक्का झाला.

त्या दिवसापासून भागुबाई माशांच्या मागं लागली. तोंडानं त्यांचा उद्धार चालूच, पण सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळेला ती बरोबर पेटीपुढं हजर. दुकानदारानं चिमूटभर दाणे टाका म्हणून सांगितलं होतं. "चिमूटभर? त्याच्या घरी पाव्हण्याला चिमूटभरच वाढत असतील," म्हणत तिनं पहिल्या दिवशी मूठ उचलली होती. शितलनं धावत येऊन हात धरला म्हणून बरं. पुढं ती नाइलाजानं चिमटीवर आली, पण ती चिमूट भागुबाईची होती, आणि गाईंना पेंड घालून घालून तिचा हात सैल झालेला होता.

हळूहळू तिनं त्यांना नावंही ठेवली, अर्थात शिव्या द्यायला सोयीची. खाणं पडलं रे पडलं की सगळ्यांना ढकलून पुढं येणारी नारिंगी जाडी ती सरपंचीण. तिच्या शेपटीची एक कड फाटलेली होती. दिवसभर कोपऱ्यात बसून काही न करणारा काळा तो तलाठी. आणि सारखं तोंड फुगवणारी पांढरी ती विहीणबाई. हे नाव शितलच्या आईवरनं होतं. ते शितलला कळलं तेव्हा घरात दोन दिवस अबोला झाला, पण नाव काही बदललं नाही.

शेजारच्या गिताबाई बघायला आल्या आणि हसल्या. "भागुबाई, आता ह्यांच्या धारा काढताय का?"

"धारा न्हाई काढत. भांडगावचं तिकीट काढतीय," भागुबाई म्हणाली.

पावसाळा सरत आला तसं पेटीतलं पाणी गढूळ दिसायला लागलं. सैल हाताच्या खाण्यानं तळाला गाळ साठला, काचेला शेवाळ आलं. खरं तर थोडंसं पाणी काढून तेवढंच ताजं घालायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं दुकानदारानं बजावलं होतं. त्या स्पंजात आणि खडीत बारीक जीव असतात, तेच पाणी चांगलं ठेवतात, असंही तो म्हणाला होता. भागुबाईनं ते ऐकून नाक मुरडलं होतं. घाणीनं कुठं साफ होतं का? तिचा गोठा असा असायचा, की दूध संकलनाचा माणूस त्याच्या फरशीवर बसून भाकरी खायचा. तिच्या हाताखालचं जनावर घाणीत उभं राहील? छ्या!

एके दुपारी गोकुळ कामावर आणि शितल रानात असताना तिनं पदर खोचला. मासे बादलीत काढले. खडी टोपल्यात घेऊन राखेनं घासली. स्पंज कपड्याच्या साबणानं खळखळून धुतला, पूल तारेच्या घासणीनं चोळला, काच पुसून लख्ख केली आणि सगळं पाणी फेकून बोअरचं नवं पाणी काठोकाठ भरलं. गुडघे ठणकत होते, पण ती खूश होती. "आता राहा माणसावानी," ती माशांना म्हणाली.

संध्याकाळी मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडत होते. तिला वाटलं, भूक लागली असेल. तिनं अजून एक चिमूट टाकली.

दुसऱ्या दिवशी ती अजून उठायची होती तोवर गोकुळनं तिच्या खोलीचं दार पुढं केलं. मग चहा तिथंच आणून दिला आणि म्हणाला, "आई, आज पारायण हाय देवळात, मी सोडतो तुला, दिवसभर बस, जेवणबी तिथंच हाय." तो तिला स्वतःहून कुठं सोडतो म्हणाला, हीच मोठी नवलाची गोष्ट होती. ती मागच्या दारानं निघाली. संध्याकाळी परत येऊन खुर्चीत बसली. पेटीत मासे छान फिरत होते. नारिंगी, पांढरे, बटबटीत डोळ्यांचा काळा. सगळे जिथल्या तिथं.

तिनं खाणं टाकलं. नारिंगी जाडी मागंच राहिली. तिची शेपटी अखंड होती. काळा तर सगळ्यांच्या पुढं येऊन दाणे टिपत होता. तलाठी आणि काम करतोय!

भागुबाईच्या तोंडावर अशी सणसणीत शिवी आली, की गोकुळनं ती ऐकली असती तर तो शिफ्ट नसतानाही कंपनीत पळाला असता. मेल्या, आईला फसवतोस? दारातल्या जनावराचं तोंड मला ओळखू येत न्हाई? तिनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि उघडलेलं तोंड तसंच मिटलं. आपल्या हातानं मासे मेले हे तिला कळलं होतं. सरपंचीण गेली, तलाठी गेला, विहीणबाई गेली. आपण बोललो तर मासे मेलेले ठरणार. मासे मेले तर भांडगाव गेलं.

शितल भाकरी थापता थापता चोरून बघत होती. भागुबाई म्हणाली, "आज फार खूश दिसत्यात गं मासे. पाणी मानवलं वाटतं."

त्या रात्री ती जेवली नाही. पोट बिघडलं म्हणाली. त्या मुक्या जिवांचं तिला वाईट वाटत होतं, आणि आपण त्यांच्या मरणावर गप्प बसून आपलं काम साधतोय ह्याची लाजही वाटत होती. पण हौशी बघायची होती, त्यापुढं तिनं लाज गिळली. नव्या माशांना मात्र तिनं नावं ठेवली नाहीत.

दसरा आला. मासे जिवंत होते. शितल साक्षीदार होती. गोकुळला पळायला वाट उरली नाही. त्यानं दोन दिवस फोनवर कुजबुज केली आणि तिसऱ्या दिवशी गाडी काढली. भागुबाईनं पहाटे उठून गुळाची भाकरी केली होती, हौशीसाठी. पारगावचा पूल ओलांडून, केडगाववरनं चौफुल्याला लागून ते भांडगावला पोचेपर्यंत तिनं एकालाही नाव ठेवलं नाही. पुढं बसलेल्या शितलनं दोनदा मागं वळून बघितलं.

जयसिंगच्या गोठ्यात पंखे खरोखर होते. कडेला एक काळीपांढरी गाय बांधलेली होती, कपाळावर चांदणी, अंग भरलेलं.

"ही बघ तुझी हौशी," गोकुळ म्हणाला. जयसिंग हसून म्हणाला, "मावशी, लई गुणाची हाय."

भागुबाई काठी टेकत जवळ गेली. चांदणी होती, रंग तोच होता. तिनं हाक मारली, "हौशे." गाय रवंथ करत राहिली. तिनं वाकून कासेला हात लावला. हौशीचा एक सड पहिल्या वेतालाच आजारानं गेला होता, त्यातून कधी दूध आलं नाही. ह्या गाईचे चारही सड टच्च भरलेले होते.

गोकुळ, शितल, जयसिंग, तिघंही तिच्याकडं बघत उभे होते. भागुबाईनं फडक्यातली भाकरी सोडली आणि तुकडे करून त्या परक्या गाईला भरवली. शेवटचा तुकडा संपेपर्यंत ती तिच्या गळ्याखाली खाजवत राहिली. मग जयसिंगला म्हणाली, "चांगली ठेवलीस रे बाबा." आणि गाडीत जाऊन बसली.

चौफुला मागं पडला तेव्हा ती बोलली.

"गोकुळ, हौशी कुणाला दिलीस?"

"अगं आई, आत्ता बघितलीस ना..."

"मासे मेले ते मला त्याच दिवशी कळलं. मी गप बसले, कारण मला हिथं यायचं व्हतं. आता मला कुठं जायचं राहिलं न्हाई. तवा खरं सांग."

शितलनं नवऱ्याकडं बघितलं. गोकुळनं गाडीचा वेग कमी केला.

"बाजारात. व्यापाऱ्याला," तो म्हणाला. "टेम्पोत भरली त्यानं. पुढचं मला ठाव न्हाई."

आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून त्यानं खांदे आवळून घेतले. पण मागून शिवी आली नाही, शाप आला नाही, साधा टोमणाही आला नाही. आरशात त्याला दिसलं, की आई पदर तोंडात धरून रडतीय. काहीतरी बोलून तिला गप्प करावं म्हणून त्यानं दोनदा तोंड उघडलं. पण सांगण्यासारखं एकही खोटं आता त्याच्यापाशी उरलं नव्हतं. न्हावरे येईपर्यंत ती रडत होती आणि तो गाडी चालवत होता.