कवटीवरची चौथी जखम

एडमंटनच्या युनिव्हर्सिटीत हाडांच्या प्रतिकृती तयार करणं हे माझं काम. २०१७च्या जानेवारीत एका रोमन ग्लॅडिएटरच्या कवटीची प्रत रंगवायला माझ्या टेबलावर आली होती, आणि जॅकेटच्या खिशात लेकीचा फॉर्म होता. तीन आठवड्यांपूर्वी आइस हॉकी खेळताना तिचं डोकं आपटलं होतं. आता काही त्रास नाही, असं लिहून मी सही केली की त्याच संध्याकाळी ती पुन्हा बर्फावर उतरणार होती.

कवटीवर चार जखमा होत्या. तीन जखमांच्या कडा बोथट, गुळगुळीत. म्हणजे हाड भरून आलं, माणूस जगला. चौथीची कड मात्र धारदार होती. तिला भरायला वेळच मिळाला नव्हता. विद्यार्थ्यांना या लढवय्यांचं भारी कौतुक. वैद्य हाताशी, खायला पोटभर सातू आणि कडधान्यं, हे सगळं म्हणे हाडांवरून कळतं. त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. अरे, त्याला बरं करायचे ते कशासाठी? पुन्हा आखाड्यात ढकलायलाच ना! तिन्ही वेळा कोणीतरी म्हणालंच असेल, झाला ठणठणीत, जाऊ द्या त्याला.

आणि मी तरी काय केलं होतं? ती पडली तेव्हा बाकावरून ओरडलो होतो, "ऊठ, काही नाही झालं, मुंगी मेली!" लहानपणी धडपडली की हेच म्हणायचो. बर्फाच्या त्या अख्ख्या रिंकमध्ये ते मराठी फक्त तिला कळलं. ती उठली, उरलेली मॅच खेळली. माझी छाती फुगली. घरी येताना ती गाडीत दोनदा ओकली.

संध्याकाळी रिंकच्या पार्किंगमध्ये तिने पेन पुढे केलं. "बाबा, जस्ट साइन इट. कोच इज वेटिंग."

"डोकं दुखतंय का?"

"नो! आय ॲम फाइन."

बाहेर अंधार पडला होता. मी गाडीतला दिवा लावला. तिने झटकन डोळे मिटून तोंड फिरवलं. डोक्याला मार लागल्यापासून उजेड तिला अजून सोसत नव्हता. फॉर्म तसाच कोरा खिशात घातला आणि गाडी सुरू केली.

"धिस इज सो अनफेअर!" तिने पायाशी ठेवलेल्या बॅगेला लाथ घातली आणि ती रडायला लागली. बऱ्याच वेळाने, सिग्नलला थांबलो असताना, ती मराठीत बोलली. एरवी ती मराठीत फारशी बोलत नाही.

"त्या दिवशी मला पडूनच राहायचं होतं, बाबा. तू ओरडलास म्हणून उठले."